नोंदणीच्या खिडकीआड

दवाखान्यातली नोकरी म्हटली की आपल्या घरांत दोनच पदे आठवतात: डॉक्टर आणि नर्स. वर्ध्याजवळ सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. एवढी मोठी रुग्णालये चालवायला नोंदणी, बिलिंग, स्टोअर, रेकॉर्ड आणि ऑफिस सांभाळणारी माणसेही लागतात. बीए, बीकॉम आणि एमएस-सीआयटी झालेल्या मुलामुलींनी या जागांसाठी अर्ज करावेत, असे आम्ही नेहमी सांगतो. मुले अर्ज करतातही. अडते ते मुलाखतीत.

इंग्रजी कच्चे म्हणून अडते, असे पालक म्हणतात. आम्हाला कारण वेगळे दिसते. "तुमच्याविषयी सांगा" म्हटले की नाव, गाव, अब्बांचा व्यवसाय, इथे मुलांचे बोलणे संपते. समोरच्यांना जाणून घ्यायचे असते ते एवढेच की, आर्वी-कारंज्याहून पहाटेची एसटी धरून आलेला, घाबरलेला माणूस खिडकीशी उभा राहिला, तर ही मुलगी त्याचे काम नीट करील का?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरातच सापडते. नावांचेच पाहा. टीसीवर 'शेख', आधारवर 'शैख'. अम्मीच्या नावापुढे एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम', तिसऱ्यावर काहीच नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे तर रेशनकार्ड आणि ओळखपत्र तपासले जाते. नावे जुळली नाहीत की चकरा सुरू होतात, आणि तिकडे रुग्ण खाटेवर असतो. अब्बांच्या ऑपरेशनच्या वेळी ज्या मुलीने हे कागद जुळवून आणले, तिला नोंदणीचे काम काय असते ते कोणी शिकवायला नको. तिने मुलाखतीत तेच सांगावे. अडचण काय होती, मी काय केले, शेवटी काय झाले. तीन-चार वाक्ये पुरतात.

भाषेचेही तसेच. उर्दू शाळेत शिकलो म्हणून मान खाली घालण्याचे कारण नाही. उर्दू, हिंदी, मराठी आणि वऱ्हाडी बोली समजणारा माणूस खिडकीवर असला तर बाहेरगावच्या रुग्णाला धीर येतो. मराठी लेखन आणि टायपिंग मात्र पक्के हवे. त्याला रोज अर्धा तास द्यावा.

जिथे जायचे त्या संस्थेची माहितीही हवी. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, डॉ. सुशीला नय्यर यांनी सुरू केले. खेड्यातल्या माणसासाठी उभी राहिलेली ही संस्था आहे आणि तिथे खादीचा आग्रह आहे. हे ठाऊक असलेला उमेदवार लगेच ओळखू येतो.

एक प्रश्न हमखास येऊ शकतो: "ओळखीच्या माणसाची फाइल हाती आली तर?" कोणाला कोणता आजार आहे, हे या नोकरीत कळतेच. ते मोहल्ल्यात तर नाहीच, घरी अम्मीलाही सांगायचे नाही. ही रुग्णाची अमानत आहे. असे उत्तर मनापासून आले पाहिजे.

आता दोन शब्द पालकांसाठी. मुलगी नोकरी करणार का, ड्युटी रात्री उशिरापर्यंत असली तर ये-जा कशी होणार, लग्न ठरले तर नोकरीचे काय, हे सारे मुलाखतीआधी घरात ठरू द्या. ठरवताना तिचेही ऐका. पॅनेलसमोर "अब्बांना विचारून सांगते" असे तिला म्हणावे लागले, तर ती जागा दुसऱ्या कोणाला मिळेल.

या रविवारी घरातल्या सर्वांची आधार कार्डे, रेशनकार्ड, टीसी आणि मार्कशीट एकत्र मांडा. कुठे नाव जुळत नाही त्याची यादी करा आणि दुरुस्तीला लागा. हे काम नोकरी शोधणाऱ्या मुलीकडेच सोपवा. घरचे कागद नीट होतील आणि मुलाखतीत सांगायला तिच्याजवळ स्वतःचे काहीतरी असेल.