सहलीतला रिकामा दिवस

आपल्या महाविद्यालयाच्या सहलीचा वृत्तांत दर वर्षी या अंकात येतो. निघालो कधी, पाहिले काय, खाल्ले काय आणि शेवटी सरांचे आभार. यंदाचा वृत्तांतही कोणी तरी लिहीलच. मला लिहायचे आहे ते सहलीच्या अखेरच्या दिवसाबद्दल. त्या दिवशी आम्ही काहीच केले नाही आणि कार्यक्रमपत्रिकेत तो दिवस असा नव्हताच.

पत्रिका मोठी भरगच्च होती. पंढरपूर, कोल्हापूर, जोतिबा, पन्हाळा, प्रतापगड, रायगड, नाशिक, त्र्यंबकेश्वर, वेरूळ, देवगिरी आणि अजिंठा. सात दिवसांत अकरा ठिकाणे! अजिंठ्याच्या लेण्यांना आम्ही अडीच तास दिले, पंढरपूरला दोन. गाडीतून उतरायचे, शिट्टी वाजली की चढायचे. आमच्यातल्या एका छायाचित्रकाराने मोबाइलवर सातशेच्या वर फोटो काढले. त्यांतला पन्हाळा कोणता आणि प्रतापगड कोणता, हे त्यालाच सांगता येईना.

आठव्या दिवशी सकाळी जालन्याहून सेलूला आलो. एका मैत्रिणीचे आजोळ वालूरला. तिच्या आग्रहाखातर वाट थोडी वाकडी केली. अर्धा तास चहा, की लगेच परभणी, असा बेत. चहा झाला आणि गाडी सुरू होईना. क्लचचा काही भाग गेला होता, तो परभणीहून आणायचा होता. चालकाने हात पुसत सांगितले, "संध्याकाळ होईल."

पहिला तास चिडण्यात गेला. दुसरा मोबाइलमध्ये. मग मोबाइलही मान टाकू लागले. मैत्रिणीच्या आजी म्हणाल्या, "लेकरांनो, इतकी काय घाई हाय? भाकर खाऊन जा." बेचाळीस जणांना भाकर! पण शेजारच्या चार घरांतल्या चुली पेटल्या. कोणी पिठले आणले, कोणी ठेचा, कोणी शेतातून हरभऱ्याचे ढाळे.

जेवून आम्ही बारवेवर गेलो. वालूरची ही बारव इतर बारवांसारखी सरळ पायऱ्यांची नाही. तिच्या पायऱ्या गोल वळण घेत, शंखाच्या आतल्या रेषेसारख्या खाली जातात. अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनी तिचा गाळ उपसला आणि 2022 साली टपाल खात्याने महाराष्ट्रातील निवडक बारवांची चित्रे पोस्टकार्डांवर छापली, त्यांत तिचेही आहे. आम्ही परभणी जिल्ह्यातले. पण बेचाळीसपैकी एकीनेच ती आधी पाहिली होती. वेरूळपर्यंत जाऊन आलो, वालूर माहीत नव्हते. असो.

तिथे पायऱ्यांवर बसल्यावर सहल सुरू झाली, असे मी म्हणतो. कोणी रायगडाच्या टकमकाबद्दल बोलू लागले, कोणी वेरूळच्या कैलासाबद्दल: वरून खाली खोदत आणलेले ते देऊळ आणि वरून खाली उतरणारी ही बारव. कोणी सीटवरून झालेले भांडण मिटवले. मग आमच्या वर्गातली एक मुलगी बोलली. सात दिवसांत तिचा आवाज आम्ही हजेरीपुरताच ऐकला होता. ती म्हणाली, "कोल्हापूरला जाताना उसाच्या फडाशेजारी कोप्या दिसल्या, तुम्ही हात हलवलेत ना? लहानपणी मी तसल्याच कोपीत राहिले. आईबाप कोयत्यावर जायचे, धाकट्याला मी सांभाळायची." तेव्हा गाडीत आमच्या भेंड्या रंगल्या होत्या. मुकादमाची उचल कशी असते, ती फिटेपर्यंत गावी का परतता येत नाही, शाळा कशी बुडते, हे तिने अगदी साधेपणाने सांगितले. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. त्या वाटेवर पाहण्यासारखे जे होते त्यावरून आम्ही पुढे निघून गेलो होतो. ते वालूरला दिसले.

हाच रिकामा दिवस पहिल्या दिवशी आला असता तर नुसता कंटाळा आला असता. बोलायला गाठीशी काही हवे ना! आणि घरी पोहोचल्यावर आला असता तर तो उरलाच नसता; कोणाला शेत असते, कोणाला प्रॅक्टिकल. जुन्या लोकांना हे ठाऊक असावे. आजींनी सांगितले, पूर्वी काशीहून परतलेला माणूस थेट घरात शिरत नसे. वेशीवरच्या मारुतीत थांबायचा, मग गाव त्याला वाजतगाजत न्यायचे आणि मावंदे व्हायचे. पंढरीच्या पालख्यासुद्धा आषाढी एकादशीचे दर्शन झाले की पाठ फिरवीत नाहीत. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाल्यावरच परततात. आम्ही पंढरपूर दोन तासांत उरकणारे!

यावर आमच्या एका सरांचे म्हणणे असे, की पालक पैसे भरतात ते पाहण्यासाठी, बसण्यासाठी नव्हे. हे खोटे नाही. काहींच्या घरी सहलीच्या पैशासाठी कापूस विकावा लागतो, त्यांना "एक दिवस नुसते बसा" हे कसे सांगावे? पण वालूरचा दिवस जवळजवळ फुकट पडला. ठिकाण घराजवळचे असावे, प्रवेशमूल्याचे नसावे आणि अकरातले एखादे गाळावे, एवढेच मागणे आहे. मला विचाराल तर मी देवगिरी गाळीन. पाय दुखत होते म्हणून मी अर्ध्यातून उतरलो होतो, हेही कबूल करतो.

सात वाजता गाडी सुरू झाली. चालकाने तीनदा हॉर्न वाजवला, तरी चौघे बारवेवरून येईनात. सरांनी शिट्टी खिशातून काढली आणि पुन्हा ठेवून दिली.

पुढच्या सहलीचा कच्चा तक्ता फलकावर लागला आहे. सहा दिवस, बारा ठिकाणे. मी अर्ज दिला आहे. सर म्हणाले, "बघू."