निळा पडदा दिसताच फॉरमॅट कशाला?

भिवंडीतील सुताच्या एका व्यापाऱ्याची हकीकत अलीकडेच आमच्या कानी आली. जुम्याची नमाज अदा करून ते दुकानी परतले, लॅपटॉप चालू केला, तर नेहमीच्या चित्राऐवजी निळा पडदा आणि त्यावर ४८ अंकी किल्ली मागणारा इंग्रजी मजकूर. आदल्या रात्री विंडोजचे अपडेट होऊन गेले होते. जीएसटीचे विवरणपत्र २० तारखेला भरायचे आणि ती तारीख दोन दिवसांवर आलेली. घाबरून त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने थोडा वेळ खटाटोप केला, "व्हायरस घुसला आहे" असे निदान केले आणि मशीन फॉरमॅट करून दिले. तीन वर्षांची उधारी, कोणत्या कारखानदाराकडे किती माल गेला आणि किती रक्कम येणे आहे, सारे पुसले गेले. आठ दिवसांनी कळले की ती किल्ली लॅपटॉप विकणाऱ्या दुकानदाराच्या ईमेल खात्यात सुखरूप पडून होती! मशीन पहिल्यांदा सुरू करताना त्याने स्वतःचेच खाते घातले होते.

व्हायरस नव्हताच. मग काय झाले होते, ते व्यापारी बंधूंनी समजून घेतले पाहिजे.

संगणकाच्या मुख्य पाटीवर एक चिप असते. विंडोज जागी होण्यापूर्वी या चिपमधील प्रोग्रॅम जागा होतो. यालाच फर्मवेअर म्हणतात. जुने लोक बायोस म्हणतात, नव्या मशीनमध्ये त्याचे नाव यूईएफआय. गोदामाचा रखवालदार माल आत घेण्यापूर्वी गाठीवरील शिक्का पाहतो, तसे हे फर्मवेअर विंडोजवरील कंपनीचा शिक्का तपासते. या तपासणीला सिक्युअर बूट असे नाव आहे. शेजारी टीपीएम नावाचा दुसरा पहारेकरी असतो. डिस्कवरील मजकूर बिटलॉकरने कुलूपबंद केलेला असेल, तर त्याची किल्ली याच्यापाशी असते. मशीनची घडी कालच्यासारखीच आहे अशी खात्री पटली तरच तो किल्ली देतो. अपडेटने किंवा कोणी सेटिंग बदलल्याने ही घडी जराशी बदलली की तो किल्ली अडवून धरतो आणि मालकाकडे ओळख मागतो. निळा पडदा तो हाच. जुलै २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर अनेकांच्या मशीनवर हा पडदा आला. मायक्रोसॉफ्टने ती चूक मान्य केली आणि पुढच्याच महिन्यात दुरुस्त केली. म्हणजे पहारेकऱ्याचाही कधी गैरसमज होतो, पण त्यासाठी गोदाम जाळायचे नसते.

अशा वेळी पहिले काम म्हणजे हात आवरणे. पडद्यावर किल्लीचा क्रमांक लिहिलेला असतो, त्याची पहिली आठ अक्षरे टिपून घ्यावीत. मग मोबाईलवरून मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून त्यात त्याच क्रमांकासमोरची किल्ली शोधावी. खाते आपल्या नावाचे नसेल तर मुलाचे, मुनिमाचे, विक्रेत्याचे, ज्याने मशीन पहिल्यांदा चालू केले त्याचे पाहावे. किल्ली घालून मशीन उघडले की आधी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, बाकी चौकशी नंतर. कोणी बायोसमधील सेटिंग बदलले असेल तर ते पूर्ववत केल्यानेही पडदा बहुधा जातो. किल्ली कुठेच सापडली नाही तर मात्र खुद्द मायक्रोसॉफ्टही ते कुलूप उघडू शकत नाही. फॉरमॅटचा विचार तेव्हा करावा, आधी नव्हे.

किल्लीची चौकशी न करता गिऱ्हाइकाचे मशीन पुसणे ही अमानतीत खयानत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. या धंद्यात आपल्या मोहल्ल्यातली पुष्कळ मुले आहेत, त्यांनाही आम्ही हेच सांगू. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे. आज ते लिखाण लॅपटॉपमध्ये आहे. ते पुसणारा माणूस नुसते मशीन बिघडवत नाही, दोन माणसांमधील हक्काचा पुरावा नाहीसा करतो.

दुसरा प्रकार सौम्य असतो. अपडेटनंतर खालच्या कोपऱ्यातील ढालीवर पिवळा त्रिकोण येतो. विंडोज सिक्युरिटीतील डिव्हाइस सिक्युरिटीमध्ये गेले की कारण दिसते. पुष्कळदा जुन्या प्रिंटरचा किंवा अंगठा घेणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर नव्या सुरक्षेशी जुळत नाही, एवढेच असते. नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत धंदा थांबवण्याचे कारण नाही. मात्र इंटरनेट पाहताना अचानक मोठा इशारा आला, भोंगा वाजला आणि फोन नंबर दिसला, तर ती शंभर टक्के फसवणूक समजावी. खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

याउलट "सिक्युअर बूट बंद करून टाका, कटकट संपेल" हा सल्लाही आम्हाला पसंत नाही. २०२३ मध्ये ब्लॅकलोटस नावाच्या घातक प्रोग्रॅमचा तपशील उघड झाला. तो विंडोजच्या आधी जागा होऊन सिक्युअर बूटलाही चकवत होता. दार मोडता येते म्हणून कोणी दारच काढून ठेवत नाही. चोरीची विंडोज वापरणारे तर अशी दारे स्वतःच्या हाताने उघडतात; तो सौदा हलाल कसा, हे त्यांनी स्वतःलाच विचारावे.

आणखी एक गोष्ट. फर्मवेअर ज्या शिक्क्यांवर विश्वास ठेवते, ते मायक्रोसॉफ्टचे शिक्के २०११ चे आहेत आणि त्यांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपणारी ठरलेली आहे. त्यांच्या जागी २०२३ चे शिक्के विंडोज अपडेटमधून दिले जातात. काही मशीनना त्याआधी उत्पादक कंपनीचे फर्मवेअर अपडेट लागते. मुदत संपली म्हणून मशीन त्या दिवशी बंद पडत नाही, पण सुरुवातीच्या टप्प्याचे पुढचे संरक्षण त्याला मिळत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे जुन्या मशीनवाल्यांनी अधिक सावध असावे.

फर्मवेअर अपडेट करणे मात्र विंडोजच्या अपडेटसारखे सोपे समजू नये. ते चालू असताना वीज गेली तर मुख्य पाटीच निकामी होऊ शकते, आणि मालेगाव-भिवंडीत विजेचा भरवसा कोणी द्यावा? लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर लावलेलाच ठेवावा, डेस्कटॉपला यूपीएस असावा. फाईल त्याच मॉडेलची, उत्पादक कंपनीकडूनच घ्यावी. आणि आधी बिटलॉकरमध्ये सस्पेंड प्रोटेक्शन करावे, म्हणजे नंतर निळा पडदा येत नाही.

मशीन नवे घ्या की जुने, खाते आपल्याच नावाने आपल्यासमोर उघडून घ्यावे. जुन्या मशीनवर आधीच्या मालकाचा बायोस पासवर्ड नाही ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. आज ज्यांचे मशीन ठीक चालू आहे त्यांनी बिटलॉकरच्या पानावरून ४८ अंकी किल्ली कागदावर छापून घ्यावी, तिच्यावर मशीनचे नाव लिहावे आणि दुकानाच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये ठेवावी. त्याच लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे.