रात्रीची बत्ती आणि दिवसाची वीज

१९४७ साली, आज छत्तीसगडमध्ये असलेल्या कोरिया संस्थानच्या अधिपतींनी एका रात्री मोटारीतून जाताना तीन चित्ते टिपले. तिन्ही नर होते. दिव्यांच्या झोतात ते एकत्र दिसले आणि काही क्षणांत संपले. ही हकीकत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे आली, तेव्हा तिच्यावर नापसंतीचा शेरा मारल्यावाचून संपादकांना राहवले नाही. भारतीय चित्त्याची ही अखेरची खात्रीलायक नोंद मानली जाते. १९५२ साली हा प्राणी देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ चित्ते आणून कुनोच्या जंगलात सोडावे लागले. चित्ता केवळ मोटारीच्या दिव्यांनी संपला असे कोणी म्हणणार नाही. माळराने नांगराखाली गेली, काळविटांचे कळप विरळ झाले, शिकारीसाठी पाळण्याकरिता चित्ते पिढ्यान्‌पिढ्या पकडले गेले. परंतु मुळात दुर्मीळ झालेला प्राणी शेवटी किती स्वस्तात नाहीसा होतो, याचा धडा त्या रात्रीने दिला.

हा धडा आज उगाळण्याचे कारण पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांच्या ऊसपट्ट्यात आहे. तेथे बिबट्याची दहशत ही वृत्तपत्रीय अतिशयोक्ती राहिलेली नाही. अंगणात खेळणारे मूल, पहाटे उसाच्या फडाकडे निघालेली मजूर स्त्री, रात्री पाण्याची पाळी धरणारा शेतकरी यांचे बळी गेले आहेत. २०२५ च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे एका मुलाचा बळी गेल्यावर लोकांचा संताप रस्त्यावर आला आणि उष्णता टिपणाऱ्या ड्रोनच्या साहाय्याने शोध घेऊन रात्रीच्या वेळी बिबट्याला गोळी घालण्यात आली. अशा प्रत्येक प्रसंगानंतर एकच मागणी पुढे येते : बंदुका द्या, बत्त्या द्या, रात्री फिरण्याची मुभा द्या, म्हणजे गावकरीच काय तो निकाल लावतील. ही मागणी करणाऱ्यांना क्रूर म्हणून हिणवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे आहे. ज्याच्या घरातले माणूस गेले, त्याला शहरातील सुरक्षित सदनिकेतून निसर्गप्रेमाचे पाठ द्यायचे नसतात. तथापि मागणीमागील दुःख खरे असले, तरी मागितलेला उपाय खरा ठरतोच असे नाही. म्हणून बत्तीची शिकार म्हणजे नेमके काय, हे शांतपणे तपासले पाहिजे.

मांजरकुळातील प्राण्यांच्या डोळ्यांत नेत्रपटलामागे परावर्तक थर असतो. अंधुक प्रकाशात दिसावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोयच प्रखर विजेरीपुढे त्यांचा घात करते. डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि दिपलेले जनावर अनेकदा जागच्या जागी थबकते. वाघ-बिबट्याच्या शिकारीत बंदूक आणि काडतूस हा खर्चाचा लहान भाग होता. मोठा खर्च शोधाचा. माग काढणारे, हाकारे, मचाण, गारा म्हणजे जनावराने मारून ठेवलेली गुरे शोधणे, आणि रात्र-रात्र बसून रिकाम्या हाताने परतणे, यांत दिवसच्या दिवस जात. जीप आणि बत्ती यांनी हा शोधाचा खर्च जवळपास शून्यावर आणला. तासाभरात जंगलातील पाच-दहा मैलांचा रस्ता विंचरून काढता येऊ लागला, आणि त्यासाठी ना जंगलाचे ज्ञान लागे, ना धीर.

खर्च उतरला की काय होते, हे अर्थशास्त्राला नवे नाही. १९५४ साली स्कॉट गॉर्डन या कॅनडातील अर्थशास्त्रज्ञाने मासेमारीच्या संदर्भात हे दाखवून दिले. ज्या साठ्यावर कोणाचीच मालकी नाही, तेथे मिळकत आणि खर्च यांची बरोबरी होईपर्यंत उपसा चालूच राहतो. खर्च जितका कमी, तितका साठा अधिक खोलवर जाऊनच उपसा थांबतो. मासे वर्षाकाठी लक्षावधी अंडी घालतात. वाघीण मात्र आपली पिले सुमारे दोन वर्षे सांभाळते आणि तोवर सहसा पुन्हा वीत नाही. अशा मंदगतीने भरणाऱ्या साठ्यावर स्वस्त उपसा लादला, तर तो रिता होण्यास फार वेळ लागत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या सुलभ झाल्या, पीकसंरक्षणाच्या नावाखाली बंदुकांचे परवाने सढळ हाताने दिले गेले आणि जंगले तुटत गेली. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी घालावी लागली, आणि १९७२ च्या गणनेत देशात जेमतेम १८२७ वाघ भरले. या घसरणीत जंगलतोडीचा वाटा किती आणि बत्तीचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. पण दोन्हींनी एकमेकांना हात दिला, हे उघड आहे.

कायद्याने हे ओळखले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या मूळ कलम १७ मध्ये वाहनातून शिकार करण्यास मनाई होती. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात आणि कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने शिकार करण्यासही मनाई होती. अपवाद ठेवला होता तो एकच : मांसाहारी जनावर गाऱ्यावर येत असेल, तर खास परवानगीने दिवा वापरता येई. या अपवादामागे अनुभव होता. रुद्रप्रयागच्या ज्या नरभक्षक बिबट्याच्या नावावर सव्वाशे बळींची नोंद होती, त्याला जिम कॉर्बेटने १९२६ च्या मे महिन्यात रात्री विजेरीच्या क्षणभराच्या उजेडातच टिपले. पण त्याआधी त्याने त्या जनावराचा माग काढण्यात महिने घालवले होते. दिवा हे त्याचे शेवटचे साधन होते, पहिले नव्हे. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारच बंद झाली. आज वाघ-बिबट्यासारख्या संरक्षित जनावरास मारायचे, तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाने कारणे नमूद करून लेखी आदेश द्यावा लागतो. शिवाय जनावर पकडता, बेशुद्ध करता वा अन्यत्र हलवता येत नाही, अशी त्याची खात्री व्हावी लागते.

परदेशांत हे चालते, मग येथेच का नको, असा प्रतिवाद होतो. ऑस्ट्रेलियात कोल्ह्यांवर बत्ती टाकून गोळी घालणे ही सर्वमान्य रीत आहे, आणि अमेरिकेच्या काही राज्यांत कोयोटबाबत अशी मुभा आहे. पण तुलना करताना हिशेबाच्या दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. ऑस्ट्रेलियातील तांबडा कोल्हा एकोणिसाव्या शतकात युरोपियनांनी आणून सोडलेला उपरा प्राणी आहे. त्याच्यामुळे तेथील मूळचे छोटे प्राणी धोक्यात आले. कोयोट कितीही मारला तरी झपाट्याने वाढतो. तेथे एखादे जनावर अधिक मारले गेले, तर गमावण्यासारखे थोडे असते. ज्या अमेरिकेत कोयोटला बत्ती चालते, तेथेच बहुतेक राज्यांत हरणावर बत्ती टाकणे गुन्हा आहे, ही बाब सोयीस्करपणे विसरली जाते. दिव्याचा वापर योग्य की अयोग्य, हे कशावर तो रोखला आहे यावरून ठरते. २०२२ च्या गणनेनुसार महाराष्ट्रातील बिबट्यांची संख्या १९८५ होती, आणि तीही मुख्यतः वनक्षेत्रांतील. ऊसपट्ट्यात ते दाटीने आहेत हे खरे. परंतु ते उपरे नाहीत आणि अगणितही नाहीत.

सर्वांत मोठा आक्षेप मात्र संख्येचा नाही, ओळखीचा आहे. बत्तीच्या झोतात दिसतात ते दोन डोळे. ते नराचे की पिले पाजणाऱ्या मादीचे, माणसावर झडप घालणाऱ्याचे की निव्वळ कुत्र्यांवर गुजराण करणाऱ्याचे, हे डोळे सांगत नाहीत. ड्रोनला दिसणारा उष्णतेचा ठिपकाही सांगत नाही. चुकीचे जनावर मारले गेले, तर चुकीची किंमत बत्ती धरणारा भरत नाही, गाव भरते. संकट टळले या समजुतीने मुले पुन्हा अंगणात झोपतात आणि खरा हल्लेखोर फडातच असतो. २०१८ च्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात अवनी या नावाने ओळखल्या गेलेल्या वाघिणीला रात्री वाहनातून गोळी घालण्यात आली. तेरा बळींचा ठपका असलेल्या त्या जनावराबद्दल कारवाईचा आदेश होता, तरीही ती कशी झाली याविषयीचे वाद चौकशीपर्यंत गेले. रात्रीच्या कारवाईला साक्षीदार कमी असतात, हे त्याचे एक कारण आहे. जे अंधारात केले जाते, त्याचा हिशेब उजेडात देणे कठीण जाते.

नुसते जनावर उचलूनही प्रश्न सुटत नाही, हे जुन्नरने शिकवले आहे. तेथे मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून अन्यत्र सोडल्यावर माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वाढल्याचे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळले. एक बिबट्या गेला की रिकाम्या जागेत दुसरा येतो, कारण त्याला बोलावणारा ऊस, उकिरड्यावरची कुत्री आणि उघड्यावर बांधलेली शेळी तेथेच असतात.

मग शेतकऱ्याने करावे तरी काय? या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर चालणार नाही. महाराष्ट्रातील कृषिपंपांना वर्षानुवर्षे आळीपाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज दिली गेली. मागणी कमी असलेल्या वेळी वीज शेतीकडे वळवली की वीजमंडळाचा भार हलका होतो. परंतु त्या बचतीचा मोबदला शेतकरी देतो, रात्री दोन वाजता चिखलातून बांधावर जाऊन. बिबट्या निशाचर आहे. त्याच्या वेळेत माणसाला शेतात पाठवायचे आणि मग दोघांची गाठ पडली की जनावराला गुन्हेगार ठरवायचे, यात न्याय नाही आणि अर्थशास्त्रही नाही. वीजमंडळाच्या ताळेबंदात जी काटकसर दिसते, तिचा खर्च पंचनाम्यात आणि नुकसानभरपाईच्या धनादेशात निघतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला, तो दिवसा वीज देण्यासाठीच. तिची अंमलबजावणी करताना बिबटप्रवण गावांचा क्रम पहिला लागला पाहिजे. बंदिस्त गोठे, घराभोवतीचे दिवे, ऊसतोड मजुरांच्या तळांवर पक्का निवारा आणि उजेड यांवरील खर्च दरवर्षी जीव वाचवतो. शिकारी पथकावरील खर्च फार तर एका जनावरापुरता पुरतो.

याचा अर्थ माणसे मारणाऱ्या जनावरावर गोळी कधीच झाडू नये, असा नाही. नरभक्षक ठरलेला बिबट्या पकडता येत नसेल, तर त्याला मारणे हे शासनाचे कर्तव्य ठरते, आणि त्यासाठी रात्री दिवा लागणारच. पण तो दिवा वनखात्याच्या लेखी आदेशाखाली, प्रशिक्षित हातात असावा. सापळा-कॅमेरा, पाऊलखुणा आणि डीएनए तपासणी यांनी जनावराची ओळख पटवण्याचा प्रयत्न आधी झालेला असावा. अशा प्रत्येक कारवाईचा अहवाल ठरावीक मुदतीत ग्रामसभेपुढे ठेवला जावा. हौशी बंदूकधाऱ्याला, भाडोत्री शिकाऱ्याला किंवा संतप्त जमावाला ही मुभा मिळता कामा नये. एकदा ती मिळाली, की आज बिबट्यासाठी निघालेली बॅटरी उद्या ससा, रानडुक्कर आणि चितळ यांच्यावर फिरेल, आणि त्याची नोंद कोठेच होणार नाही.

ज्या कृतीचा परिणाम परत फिरवता येत नाही, ती स्वस्त असता कामा नये. म्हणून रात्रीची बत्ती दुर्मीळ, महाग आणि जाब देणारी राहिली पाहिजे. शेतकऱ्याची दिवसाची वीज मात्र स्वस्त आणि हक्काची झाली पाहिजे. ऊसपट्ट्यातील माणसाला आज मिळते ते नेमके याच्या उलट, आणि शासनाने आधी दुरुस्त करावयाचे आहे ते हेच.