शेवटच्या टेंडरचा हिशेब

व्यापारी माणसाला ‘टेंडर’ म्हटले की निविदा आठवते. समुद्रपर्यटनात मात्र टेंडर म्हणजे भर पाण्यात थांबलेल्या मोठ्या जहाजावरून प्रवाशांना किनाऱ्यावर नेणारी लहान बोट. मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर हा प्रकार अनेकांनी अनुभवला असेल. परदेशी क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत अशा बंदरापुढे ‘टेंडर’ असा शब्द किंवा नांगराची खूण असते. पैसे भरण्यापूर्वी ती पाहिली पाहिजे, कारण तिच्यावर त्या दिवसाचे सारे गणित अवलंबून असते.

ग्रीसमधील सांतोरिनी हे याचे ठळक उदाहरण. युरोपची क्रूझ घेणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या यादीत हे बेट हमखास असते. सुमारे 3,600 वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीच्या महास्फोटानंतर जमीन खचून तेथे समुद्राने भरलेले प्रचंड विवर तयार झाले. विवराच्या कड्याला लागूनच पाणी इतके खोल आहे की मोठ्या जहाजांना नांगर टाकणे अवघड जाते. प्रवासी बोटींनी जुन्या बंदरावर उतरतात आणि फिरा हे पांढऱ्या घरांचे गाव त्यांच्या डोक्यावर, दोनशे मीटरहून अधिक उंच कड्यावर असते. जुन्या बंदरापर्यंत मोटारीचा रस्ता नाही. वर जाण्याचे मार्ग तीनच : केबल कार, सुमारे 588 पायऱ्या किंवा खेचर-गाढवाची पाठ.

यांपैकी तिसऱ्या मार्गाचा विचार आपल्या घरात होऊ नये. भर उन्हात पायऱ्यांवरून माणसे वाहणाऱ्या या मुक्या जनावरांच्या हालांविषयी प्राणिमित्रांनी आवाज उठविला, तेव्हा 2018 साली ग्रीक सरकारला नियम करावा लागला की त्यांच्या पाठीवरील भार 100 किलो किंवा जनावराच्या वजनाचा एकपंचमांश, यापेक्षा अधिक नसावा. नियम करावा लागला यातच सर्व आले. मुलांनी ‘एकदाच बसू’ असा हट्ट धरला तर त्यांना कारण समजावून सांगावे. पायऱ्यांबाबत शत्रुंजय चढलेली मंडळी म्हणतील, साडेतीन हजारांपुढे 588 म्हणजे काय? परंतु शत्रुंजयाची चढण पहाटेच्या गारव्यात सुरू होते. येथे ती दुपारच्या उन्हात, खेचरांच्या वाटेवरून, त्यांच्या लिदीने निसरड्या झालेल्या दगडांवरून करावी लागते.

उरते ती केबल कार. तिच्या एका खेपेस सहा डब्यांतून प्रत्येकी सहा, म्हणजे 36 माणसे जातात. प्रवास जेमतेम तीन मिनिटांचा. चढ-उतार धरून दर चार मिनिटांस एक खेप मानली, तर तासाला 540 माणसे झाली. अडीच हजार प्रवाशांचे एकच जहाज आले आणि सर्वांनी हाच मार्ग धरला, तर साडेचार तासांहून अधिक वेळ लागेल. आणि उन्हाळ्यात जहाज एकच नसते. बेटाने 2025 पासून दिवसाला 8,000 क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली आहे. गर्दीचा अंदाज त्यावरून यावा.

आता एका कुटुंबाचा दिवस मांडून पाहू. समजा, कार्यक्रमपत्रिकेत आगमन दुपारी 1, प्रस्थान रात्री 9 असे छापले आहे. वाचणारा आठ तास धरतो. जहाजाच्या स्वतःच्या सहली घेणाऱ्यांना आधी उतरविले जाते. इतरांना क्रमांकाची चिठ्ठी घेऊन थांबावे लागते. बोट मिळेपर्यंत दोन, खालची रांग ओलांडून फिरात पोहोचेपर्यंत सव्वातीन. शेवटचे टेंडर आठला सुटणार असेल, तर वृद्ध माणसे बरोबर असताना उतरणीच्या रांगेत साडेसहाला उभे राहिले पाहिजे. हाती राहिले सव्वातीन तास. बेत त्यावर आखावा, आठ तासांवर नव्हे.

या हिशेबात ओइया गावचा प्रसिद्ध सूर्यास्त बसत नाही. जूनअखेर तेथे सूर्य साडेआठनंतर मावळतो. त्या वेळी सारे बेट ओइयात लोटलेले असते आणि फिराकडे परतणारा रस्ता तुंबतो. चौविहार पाळणाऱ्यांना तर तो मोह परवडणारच नाही. सातच्या सुमारास जहाजावर परतून सूर्यास्तापूर्वी भोजन उरकावे आणि तोच सूर्य डेकवरून पाहावा. समोर कडा आणि त्यावरची पांढरी रांग असते, गर्दी नसते. जैन भोजनाची मागणी मात्र आरक्षणाच्या वेळीच लेखी नोंदवावी. किनाऱ्यावर फावा नावाचे तेथील पिवळ्या डाळीचे वाटण मिळते. ते शाकाहारी असले तरी त्यावर कांदा घालतात, तेव्हा आधी विचारून घ्यावे. खाकऱ्याचे पाकीट पिशवीत असलेले बरे.

सहल जहाजाकडून घ्यावी की स्वतः मोटार ठरवावी, हा घरोघरचा वाद. जहाजाची सहल महाग असते, पण तिच्या प्रवाशांना बहुधा प्रथम अथिनिओस या दुसऱ्या बंदरावर उतरवून बसने वर नेतात, म्हणजे चढणीची रांग टळते. सहलीस उशीर झाला तर जहाज थांबते. स्वतः गेलेल्यांसाठी थांबत नाही. परंतु ही सहल पुष्कळदा फिरातच संपते आणि उतरणीची रांग ज्याची त्याला लावावी लागते, हे विक्री करणारा आपणहून सांगत नाही. दहा-बारा जणांचे कुटुंब असेल तर स्वतःची मोटार स्वस्त पडते. मात्र चालकाला केबल कारच्या वरच्या टोकाशी बोलवावे, आणि हवामानामुळे जहाज थांबलेच नाही तर पैसे परत, ही अट लेखी घ्यावी.

कारण बोटी रद्द होऊ शकतात. वारा वाढला तर कप्तान बंदर वगळतो आणि त्यावर तक्रार चालत नाही. जहाजाच्या सहलीचे पैसे अशा वेळी परत मिळतात. क्रूझच्या भाड्याबाबत तसे सहसा होत नाही. विम्यात बंदर चुकल्याची भरपाई आहे का, ते कलम वाचूनच विमा घ्यावा. 2025 च्या जुलैपासून उन्हाळ्यात या बेटावर उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशास 20 युरो कर आहे. आठ जणांचे 160 युरो अंदाजपत्रकात धरावेत. याच फेरीत तुर्कस्तानचे कुशादासी बंदर असेल, तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा लागतो. एका प्रवेशाचा व्हिसा घेतल्यास परत ग्रीसमध्ये शिरताना अडचण येते.

गुडघे दुखणाऱ्या आजींविषयी निर्णय घरीच घ्यावा. हलत्या बोटीत पाऊल टाकण्याचा तो एक क्षण, घारापुरीच्या लाँचमध्ये चढलेल्यांना ठाऊक असलेला, खलाशी हात देऊन सांभाळून घेतात. पण चाकांची खुर्ची लागणाऱ्यांना लाट असताना सहसा उतरू देत नाहीत. आजी जहाजावर राहणार असतील तर घरातील एकाने त्यांच्यासोबत थांबावे. किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी औषधे, पासपोर्टची प्रत आणि जहाजाच्या दैनिक पत्रकावर छापलेला बंदरातील प्रतिनिधीचा फोन क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावा. मोबाईलची बॅटरी नेमकी उतरणीच्या रांगेतच संपते.