तारीख कुणी बघायची?

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी आमच्या गावातल्या मार्टमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मार्ट म्हणजे पूर्वी जिथे सिनेमा थिएटर होतं, तिथलं दुमजली दुकान. आत थंड हवा, ढकलगाडी, आपल्या हातानं माल घ्यायचा आणि कॉम्प्युटरचं बिल. दारातच उपवासाच्या पदार्थांचा ढीग होता. साबुदाणा, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ आणि भगरीच्या पिठावर तर ‘एकावर एक मोफत’. मोफत म्हटलं की आपला हात पुढे जातोच. माझाही गेला.

दुसऱ्या दिवशी त्या पिठाची थालीपीठं केली. सासूबाईंनी दोन खाल्ली आणि संध्याकाळपासून त्यांना उलट्या सुरू झाल्या. वय ७६. रात्री दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, “भगर खाल्ली होती का?” उपवासाच्या दिवसांत हा प्रश्न त्यांना पाठच झालेला असतो. घरी येऊन मी दुसरं, न फोडलेलं पाकीट दिव्याखाली धरलं. किमतीचं पांढरं स्टिकर नेमकं तारखेवर चिकटवलेलं. नखानं खरवडलं, तर मुदत मार्चमध्येच संपलेली!

सासूबाई दोन दिवसांत बऱ्या झाल्या. त्या पिठानंच सगळं झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वय, दिवसभराचा उपवास, रिकाम्या पोटी चार वेळा चहा, काहीही असू शकतं. पण भगरीचं पीठ लवकर ओल धरतं, त्यात बुरशी वाढते आणि बुरशीची सगळी विषं काही शिजवून जात नाहीत. म्हणून तर सणावारी अन्न व औषध प्रशासन सांगत असतं की भगर पाकिटातली आणि तारीख बघून घ्या, पीठ विकत आणण्यापेक्षा लागेल तेवढं घरी दळा. हे मला माहीत होतं. तरी मी आणलं.

बिल आणि पाकीट घेऊन मार्टमध्ये गेले. मॅनेजर मुलगा तसा अदबीनं बोलला. “ताई, तारीख बघून घ्यायची ना. एवढ्या मालात आम्ही कुठं कुठं बघणार? हे घ्या, दुसरं पाकीट नेऊन टाका.” मालकांना फोन केला, तर म्हणाले, “रॅक लावणाऱ्या मुलीची चूक आहे, तिला समज देतो.”

समज कशी दिली ते आठ दिवसांनी कळलं. ती मुलगी आमच्या बचत गटातल्या एका सभासदाची. महिन्याला सहा हजार पगार, सकाळी दहा ते रात्री आठ उभ्यानं काम. त्यातले पाचशे रुपये कापले. तिची आई गटाच्या बैठकीत काही बोलली नाही, नुसती हप्ता पुढच्या महिन्यात देते म्हणाली. मग मी खोदून खोदून विचारलं. दोन दिवसांनी मुलगीच घरी आली. म्हणाली, “काकू, जुना माल मी बाजूला काढून ठेवला होता. मॅनेजर म्हणाला, एवढं नुकसान कोण भरणार, ऑफरला लाव. स्टिकर कुठं लावायचं तेही त्यानंच सांगितलं.”

तक्रार मी केली आणि भुर्दंड तिला पडला. त्या रात्री मला झोप आली नाही. म्हणून, मैत्रिणींनो, जबाबदारी नक्की कुणाची हे एकदा नीट बघायचं ठरवलं.

आपल्याकडे अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ मध्ये झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून देशभर लागू झाला. त्याआधी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. नव्या कायद्याच्या कलम २७ मध्ये कुणाची जबाबदारी किती ते वेगवेगळं लिहिलंय. मुदत संपल्यावर माल पुरवला, तर घाऊक व्यापारी आणि वितरक जबाबदार. मुदत संपल्यावर विकला, तर विक्रेता जबाबदार. ‘गिऱ्हाइकानं तारीख बघितली नाही तर गिऱ्हाईक जबाबदार’ असं त्यात कुठेही नाही. आपण तारीख बघावी हे खरंच, पण ते आपल्या जिवासाठी. रस्ता ओलांडताना आपण दोन्हीकडे बघतो, म्हणून सिग्नल तोडणाऱ्याचा गुन्हा माफ होत नाही. आणि तारखेवर स्टिकर लावल्यावर बघणारीनं तरी काय बघायचं?

तारखांचाही एक घोळ आहे. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या दिवसापर्यंत चव, वास, कुरकुरीतपणा चांगला राहील. नंतर पदार्थ लगेच विषारी होतो असं नाही. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ म्हणजे त्यानंतर विकायचंच नाही. २०२० च्या लेबलच्या नियमांनी एक्स्पायरीची तारीख छापणं सक्तीचं केलं आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक ठेवलं. दुकानदार या दोन शब्दांची सरमिसळ करून “काही होत नाही हो, महिनाभर चालतं” म्हणतात. माझ्या पाकिटावर सरळ एक्स्पायरीच होती. मार्टमध्ये पोत्यातून काढून त्यांनीच भरलेल्या डाळी-पिठांचं तर आणखी वेगळं. तिथं पाकीट भरल्याची तारीख असते, पोतं किती दिवसांचं ते देवाला ठाऊक.

आता मालकांची बाजू. तीही ऐकली पाहिजे, कारण मी ती त्यांच्या समोर बसून ऐकली. सणाच्या तोंडावर वितरकाचा माणूस येतो, टार्गेटचं दडपण असतं, दहा खोकी घ्या, स्कीम देतो म्हणतो. सहा खोकी खपतात. उरलेली परत घ्यायची वेळ आली की वितरक म्हणतो कंपनी घेत नाही, कंपनी म्हणते वितरकाशी बोला. यात खोटं काही नाही, आमच्या घरचं किराणा दुकान होतं तेव्हा माझ्या सासऱ्यांचीही हीच रड असे. पण नुकसान वरून खाली ढकलत ढकलत शेवटी कुठं येतं? सहा हजार पगाराच्या मुलीवर, नाहीतर माझ्या सासूबाईंच्या ताटात. मालकांना मी हेच म्हटलं. ते गप्प राहिले.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं उत्पादकांना आणि माल पुन्हा पॅक करणाऱ्यांना सांगितलं, की परत आलेल्या आणि मुदत संपलेल्या मालाचा हिशेब दर तीन महिन्यांनी द्या. म्हणजे तोच माल नव्या पाकिटातून फिरून येऊ नये. त्याच्या आदल्या महिन्यात ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगितलं, की घरपोच देताना मालाची किमान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक पाहिजेत. वाचून बरं वाटलं. पण मोबाईलवर किराणा मागवणारीला ४५ दिवस आणि तालुक्याच्या मार्टमधून स्वतः पिशवी उचलून आणणारीला मार्चचं पीठ, हा कुठला न्याय?

तक्रार करायला फार शिकलेलं असावं लागत नाही. बिल, पाकीट आणि स्टिकर खरवडलेला फोटो एवढं मी जपून ठेवलं होतं. जानेवारी २०२२ पासून बिलावर दुकानाचा चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक छापावा लागतो, तो तक्रारीत लिहायचा. राज्यात ही तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. शिवाय १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदासुद्धा नव्हता. तो १९८६ मध्ये आला. आता २०१९ चा नवा कायदा हाताशी असून आपण पाकीट बदलून घेतो आणि घरी येतो. मीसुद्धा पहिल्या दिवशी तेच केलं होतं.

एक कबुली द्यायची राहिली. याच बैठकीत आमच्या गटाच्या मेतकुटाचा विषय निघाला. दिवाळीच्या प्रदर्शनातली चौदा पाकिटं शिल्लक होती, मुदत संपून गेलेली. एक जण सहज म्हणाली, “लेबलं नवी छापून लावू या, मेतकुटाला काय होतंय?” तिचा हेतू वाईट नव्हता. चाळीस रुपयांप्रमाणे ५६० रुपये आमच्या गटाला थोडे नाहीत. त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी पाकिटं फोडून मेतकूट खताच्या खड्ड्यात टाकलं आणि नुकसान गटाच्या खात्यावर लिहिलं, पाकिटं भरणारीच्या नावावर नाही.

मग आम्ही नऊ जणी मार्टमध्ये गेलो. दोनच मागण्या होत्या. मुलीचे पाचशे रुपये परत द्या. आणि मुदत संपलेल्या मालासाठी वेगळं खोकं ठेवा, दर आठवड्याला तपासून वहीत सही करा. सही मालकांची, मुलीची नाही. पैसे त्यांनी तिथल्या तिथं दिले. वहीबद्दल “बघू” म्हणाले. मी लेखी तक्रार जिल्ह्याला पाठवली आहे, तेही त्यांना तोंडावर सांगून आले. श्रावण तोंडावर आलाय, दारात उपवासाचा ढीग पुन्हा लागेल. पहिल्या सोमवारच्या आधी जाऊन ती वही मागणार आहे.