कुठलं सॉफ्टवेअर टाकू, मामा?

परवा धुळ्याहून भाच्याचा फोन आला. ताईची तब्येत नाही, पाऊसपाणी नाही, एकदम, "मामा, लॉगिंगला कुठलं सॉफ्टवेअर टाकू?"

मी म्हटलं, "एन-वन-एम-एम टाक." आणि फोन ठेवला, कारण गॅसवर दूध होतं.

दूध उतू गेलंच. ओटा पुसता पुसता वाटलं, उत्तर चुकलं नाही, पण उत्तर दिलंही नाही. पोरगं नुकतंच परीक्षा पास होऊन लायसन घेऊन बसलंय, पहिल्या कॉन्टेस्टची तयारी करतंय, आणि मी त्याला किराणा दुकानदाराने साबणाचं नाव सांगावं तसं सांगून मोकळा झालो. म्हणून हे लिहितोय. तो वाचेलच. तुम्हीही वाचा.

जे नातेवाईक इथे येतात (आणि लग्नात भेटले की "अजून ते रेडिओचं चालूच आहे का?" असं विचारतात) त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. हौशी रेडिओ म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, लायसन घेऊन, घरून वायरलेसवर जगाशी बोलायचा छंद. प्रत्येकाला एक कॉलसाईन मिळतो. आपल्याकडचे बहुतेक व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होतात. कॉन्टेस्ट म्हणजे ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त लोकांशी आणि देशांशी संपर्क करायचा. सगळ्यात मोठी ती सीक्यू वर्ल्डवाईड. बोलण्याची ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी, मोर्सची नोव्हेंबरच्या. ४८ तास. ग्रीनिचच्या मध्यरात्री सुरू होते, म्हणजे जळगावात शनिवारी पहाटे साडेपाचला, आणि संपते सोमवारी पहाटे साडेपाचला. प्रत्येक संपर्कात दोनच गोष्टी सांगायच्या: समोरच्याचा सिग्नल कसा येतोय आणि आपण कुठल्या झोनमध्ये आहोत. आपला भारत २२ व्या झोनमध्ये. सिग्नल मात्र सगळ्यांचा नेहमी ५९, म्हणजे उत्तम. "तुमचं ५९, पुन्हा सांगा, पुन्हा सांगा, काही ऐकू येत नाही!" हे एक खोटं सगळ्या जगाने एकमताने मान्य करून टाकलंय. असो.

तर प्रत्येक संपर्क लिहून ठेवायचा. वेळ, बँड, समोरच्याचा कॉलसाईन, त्याने सांगितलेला झोन. हे लॉग. नंतर ते संयोजकांकडे पाठवायचं. ते जगभरची लॉगं एकमेकांशी ताडून बघतात. मी तुझं नाव लिहिलं, तू माझं लिहिलंस का? एखादं अक्षर चुकलं तर तो संपर्क बाद, वर दंडाचे गुण वेगळे.

पूर्वी हे वहीवर चाले. आपल्या १९७८ च्या हौशी रेडिओच्या नियमांत तर लॉग बांधीव वहीत ठेवा, सुट्या कागदांवर नको, असं स्पष्ट म्हटलं होतं. सुटा कागद काढता येतो, घालता येतो. बांधीव वहीचं पान फाडलं तर दिसतं. मी दाणाबाजारात वाढलेला माणूस, मला ह्या नियमाचं कधीच नवल वाटलं नाही. त्याच्याकडे येतोच.

वहीनंतर १९८०च्या दशकात अमेरिकेत केन वुल्फने डॉसवर चालणारा सीटी नावाचा प्रोग्राम लिहिला आणि कॉन्टेस्टवाल्यांची वही सुटली. त्यानंतर एनए, टीआर लॉग, मग विंडोजवर राइटलॉग, विन-टेस्ट, डीएक्सलॉग, लिनक्सवाल्यांना टीएलएफ. आणि टॉम वॅग्नरने सुरू केलेला, आता बरेच स्वयंसेवक मिळून चालवतात तो एन-वन-एम-एम लॉगर प्लस. हा फुकट आहे, विंडोजवर चालतो, आणि कॉन्टेस्ट खेळणाऱ्या दहा जणांना विचारलंत तर बहुतेक जण त्याचंच नाव घेतील. मीही घेतलं. त्यात वाईट काहीच नाही. प्रत्येक नोंद एंटर दाबल्याबरोबर डिस्कवर जाते, पुन्हा भेटलेला गडी राखाडी रंगात दाखवतो, आणि शेवटी संयोजकांना हवी तशी, कॅब्रिलो नावाची साधी मजकुराची फाईल काढून देतो. साध्या नोटपॅडमध्ये उघडते. हे महत्त्वाचं. जी फाईल दुसऱ्या कशातही उघडत नाही, तिच्यात मी माझे ४८ तास ठेवणार नाही.

पण भाच्या, टाकण्याआधी वायर उपट.

खरंच सांगतोय. प्रोग्राम चालू कर, खोटे तीन संपर्क नोंदव आणि लॅपटॉपची बॅटरी काढून (निघत नसेल तर पॉवरचं बटण दाबून धरून) मशीन मार. पुन्हा चालू करून बघ तिन्ही नोंदी आहेत का. मी हे न करता एक प्रोग्राम वापरला होता, नाव घेत नाही. तेव्हा माझ्याकडे लॅपटॉप नव्हता, डेस्कटॉप होता, आणि खानदेशात भारनियमन म्हणजे काय ते ज्यांनी काढलंय त्यांना सांगायला नको. रविवारी संध्याकाळी, युरोप अगदी दारात आल्यासारखा ऐकू येत होता, तेव्हाच दिवे गेले. रेडिओ बारा व्होल्टच्या बॅटरीवर, तो चालू. कॉम्प्युटर काळा. आल्यावर उघडला तर दुपारपासूनचं काही नाही. चार तास! शेजारचे काका गच्चीवरून "काय करून राहिला रे अंधारात?" विचारत होते, आणि मी मेणबत्तीच्या उजेडात एक्झॅम पॅडवर जमेल तेवढं आठवून लिहीत होतो. आठवून लिहिलेलं ते लॉग नव्हेच, म्हणून शेवटी पाठवलंही नाही.

घड्याळाचीही गंमत सांगतो. लॉग ग्रीनिच वेळेत लागतं. पहिल्या वर्षी मी हुशारी करून कॉम्प्युटरचं घड्याळच साडेपाच तास मागे नेलं. टाइम झोन मात्र भारताचाच. प्रोग्रामने त्यातून आपले साडेपाच तास पुन्हा वजा केले. म्हणजे माझ्या लॉगप्रमाणे मी कॉन्टेस्ट सुरू होण्याच्या साडेपाच तास आधीपासून जगाशी बोलत होतो. तेव्हा घड्याळ भारतीयच ठेव, बाकीचं त्याचं त्याला कळतं. आणि रेडिओपासून कॉम्प्युटरला जाणाऱ्या केबलवर फेराइटचे मणी लाव, नाहीतर १५ मीटरवर बटण दाबलं की माऊस गोठतो.

इथपर्यंत सगळं कुणीही सांगेल. मला बोलायचंय ते वेगळ्याच खिडकीबद्दल.

ह्या बहुतेक प्रोग्रामांत एक सोय असते. कॉन्टेस्टमध्ये वारंवार दिसणाऱ्या कॉलसाईनची एक भली मोठी यादी असते. तुम्ही दोन-तीन अक्षरं टाकली की ती अक्षरं असलेले सगळे कॉलसाईन शेजारच्या खिडकीत येतात. गोंगाटात अर्धवट ऐकू आलं, तर यादी बघायची, आणि "हां, हाच असणार" म्हणून घ्यायचा. नियमाने ह्याला मुभा आहे. मोठमोठे खेळाडू वापरतात. झोनचंही तसंच. कॉलसाईन टाकला की झोन आपोआप भरला जातो, आपण फक्त एंटर मारायचा. अमेरिकेत ३, ४, ५ असे झोन आहेत आणि तिथे कॉलसाईनमधल्या आकड्यावरून माणूस कुठे राहतो हे आता ठरत नाही. पश्चिमेचा आकडा घेऊन फ्लोरिडात राहणारा गडी स्वतःच्या तोंडाने "पाच" सांगतो आणि आपण तीनवर एंटर मारून मोकळे.

मीही दोन वर्षं खिडकी उघडी ठेवून खेळलो. गुण वाढले, खोटं कशाला बोलू. मग संयोजकांकडून येतो तो तपासणीचा अहवाल एकदा नीट बसून वाचला. त्यात एक जपानी होता. मी लिहिलेला कॉलसाईन वेगळा, खरा वेगळा. एका अक्षराचा फरक. मला तो प्रसंग आठवत होता, कारण तो बिचारा तीन वेळा आपलं नाव सांगत होता. हळू, एकेक अक्षर तोडून. मी ऐकत नव्हतो. मी खिडकीत बघत होतो. खिडकीत त्याच्याशी जुळणारा एकच होता, आणि तो हा नव्हता. ह्याचा कॉलसाईन यादीत नव्हताच. का नसेल? नवा असेल. पहिलीच कॉन्टेस्ट असेल. तो तीन वेळा "मी हा" म्हणत होता आणि माझा कॉम्प्युटर मला सांगत होता की असा कुणी नाहीच.

गुण किती गेला? जपान आशियात, म्हणून एकच. वर दंड. त्याचं काही वाटलं नाही.

अण्णांचं दाणाबाजारातलं दुकान आठवलं. दोन वह्या. एक कीर्द, एक खतावणी. कीर्दीत ज्या क्रमाने दिवस गेला तसं लिहायचं. कोण आलं, काय नेलं, किती दिलं. खतावणी नंतर, निवांत, हिशेब जुळवत. अण्णांचा एकच नियम होता: खतावणीसाठी कीर्दीला हात लावायचा नाही. जुळत नसेल तर जुळत नाही. चूक झाली तर एक रेघ मारायची, खाली खरं लिहायचं, पण खोडलेलं वाचता आलं पाहिजे. मजा म्हणजे सीक्यू वर्ल्डवाईडच्या नियमांतही हेच आहे. कॉन्टेस्ट संपल्यावर कुठलीही यादी, रेकॉर्डिंग, ई-मेल वापरून लॉगमधले कॉलसाईन दुरुस्त करायचे नाहीत. लॉग ही कीर्द आहे. स्कोअर ही खतावणी. पण खिडकी उघडी असली की मी लिहितानाच खतावणीकडे बघून कीर्द लिहितो, त्याचं काय?

२०१६ आणि २०१९ ला लक्ष्मीपूजन नेमकं कॉन्टेस्टच्या रविवारी आलं. गल्लीभर विजेच्या माळा, आणि त्यांच्यामुळे रेडिओवर नुसती खरखर. २०१९ ला तर सूर्यही झोपलेला, डागच नाहीत, १० मीटर मेल्यासारखा. पूजेला वह्या मांडल्या तेव्हा मी माझी जुनी कागदी लॉगची वहीही हळूच शेजारी ठेवली. अण्णांनी बघितलं, काही बोलले नाहीत, तिच्यावरही कुंकू टाकलं. लॅपटॉप ठेवायचा धीर मात्र झाला नाही :)

कुणी म्हणेल, खेळ आहे, इतकं काय! खेळच आहे. पण डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओची माणसं भारती प्रसाद यांच्याबरोबर अंदमानात अशीच खेळायला गेली होती. व्हीयू४आरबीआय ह्या कॉलसाईनवर जगभरचे हौशी तुटून पडले होते. २६ तारखेला सकाळी त्सुनामी आली. खेळ तिथेच थांबला आणि त्याच रेडिओवरून मुख्य भूमीकडे माणसांची खुशाली कळवणं सुरू झालं. अमुक गावचा तमुक सुखरूप आहे, घरी सांगा. नावं ऐकायची, लिहायची, पुढे द्यायची. तिथे "ह्याच्याशी जुळणारा एकच आहे" म्हणून चालेल का? जो कान तिथे लागतो तो ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारीच तयार होतो. दुसरी शाळा नाही.

(एफटी८ वगैरे मंडळींनी रागावू नये. तिथे ऐकणंच कॉम्प्युटरचं आहे, तो वेगळा खेळ आहे, मी तोही खेळतो. पण माणसाच्या आवाजाला कान माणसाचाच हवा.)

तेव्हा भाच्या, उत्तर तेच: एन-वन-एम-एम. पण यादीची खिडकी बंद कर, झोन ऐकल्याशिवाय एंटर मारू नकोस, गुण कमी आले तर येऊ देत. तुझा लॅपटॉप जुना आहे, विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, म्हणून तू लिनक्सचा विचार करतोयस हे ताईने सांगितलं. कर, पण कॉन्टेस्टच्या आठवड्यात नको. त्या आठवड्यात काहीच बदलायचं नसतं. रेडिओचा लॅपटॉप इंटरनेटला जोडलाच नाही तर जुना चालतो. पहाटे तीनला डोळे मिटत असताना बोटांना जी की माहीत असते तोच सगळ्यात चांगला प्रोग्राम, मग तो कुठल्याही सालचा असो.

आणि एक लक्षात ठेव. तुझा कॉलसाईन अजून कुणाच्याच यादीत नाही. लोक तुला दुसराच कुणीतरी समजतील. न चिडता पुन्हा सांग. एकेक अक्षर तोडून.

हे एवढं लिहून झाल्यावर काल त्याला फोन केला. पोराने खरंच मशीन मारून पाहिलं होतं, तिन्ही नोंदी शाबूत. मागून ताईचा आवाज, "काय करी ऱ्हायना तुम्ही दोन्ही?" शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने एरंडोलमार्गे येतोय. मामीने भरीत आणि कळण्याची भाकरी कबूल केली आहे, दोघं पाळीपाळीने बसू. म्हटलं, येताना एक दोनशे पानी वही आण.

"बांधीव?" त्याने विचारलं.