अरुंधतीदर्शनाची रीत

आपल्या शास्त्रकारांनीं लौकिक न्यायांचें जें मोठें भांडार करून ठेविलें आहे, त्यांतले दोन न्याय वरवर सारखे वाटले तरी त्यांच्या दिशा अगदीं भिन्न आहेत. एक स्थालीपुलाकन्याय: भांड्यांतलें एक शीत चेपून पाहिलें म्हणजे सगळ्या भाताची परीक्षा होते. दुसरा अरुंधतीदर्शनन्याय: विवाहांत वधूस अरुंधती दाखवावयाची असते, पण ती तारका सूक्ष्म, एकदम दृष्टीस पडत नाहीं. म्हणून जाणता मनुष्य प्रथम तिच्या जवळचा ठळक तारा दाखवितो, आणि नजर तेथें स्थिरावली म्हणजे "हा नव्हे, ह्याच्या शेजारची ती" असें म्हणून खऱ्या अरुंधतीकडे नेतो. पहिला न्याय निकाल देणाऱ्याचा, दुसरा शिकविणाऱ्याचा. कोणाहि कलावंताच्या वेंचक कृतींचा संग्रह हातीं आला कीं बहुतेक माणसें पहिला न्याय लावून मोकळीं होतात. तेथें दुसरा लावला पाहिजे, असें माझें म्हणणें आहे.

हें सांगण्याचें निमित्त घरोघरचें आहे. नातवंडें कानांत यंत्रें घालून इंग्रजी रॉक संगीत ऐकतात. आजोबा दोन मिनिटें ऐकतात आणि 'नुसता गोंगाट' असा शेरा मारतात. नातवंडेंहि आजोबांच्या विलंबित ख्यालास तितकाच वेळ देऊन 'कंटाळवाणें' म्हणतात. दोन्ही पक्षांनीं एकेक शीत चेपलेलें असतें, आणि एकाच छपराखालीं दोन मुलूख होऊन बसतात. ज्या वडील माणसास ही भिंत खरोखर ओलांडावयाची आहे, तो विचारतो कीं आरंभ कोठून करावा? त्याच्यासाठीं एका प्रसिद्ध संग्रहाचें उदाहरण घेतों.

इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरच्या जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन व रिंगो स्टार ह्या चौघांच्या 'बीटल्स' नामक वृंदाची पहिली तबकडी १९६२ च्या ऑक्टोबरांत निघाली, आणि १९७० सालीं वृंद मोडला. एवढ्या आठ वर्षांत त्यांनीं सुमारें दोनशें गाणीं मुद्रित केलीं, आणि रॉक संगीताची वाट त्यांनीं जितकी बदलली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणीं बदलली असेल. वृंद मोडल्यावर अमेरिकेंत त्यांच्या गाण्यांचा एक विनापरवाना संच जाहिराती करून विकला जाऊं लागला. त्यास उत्तर म्हणून एप्रिल १९७३ मध्यें दोन अधिकृत संग्रह निघाले. एकाचें वेष्टन तांबडें, त्यांत १९६२ ते १९६६ पर्यंतचीं २६ गाणीं; दुसऱ्याचें निळें, त्यांत १९६७ ते १९७० पर्यंतचीं २८. निवडीचें श्रेय त्या काळचे त्यांचे व्यवस्थापक ॲलन क्लाइन ह्यांस दिलें जातें.

असा संग्रह म्हणजे व्यापाऱ्याचा माल, अशी शंका कोणी घेईल. व्यापार त्यांत होताच. परंतु गरजहि होती. त्या काळीं इंग्लंडांत एकेक गाण्याची लहान तबकडी निराळी निघे आणि ती पुष्कळदां मोठ्या तबकडींत घालीत नसत. 'शी लव्ह्ज यू', 'पेनी लेन', 'हे जूड' हीं गाणीं तेथल्या त्यांच्या मूळ मोठ्या तबकड्यांत नव्हतींच. सगळ्या मोठ्या तबकड्या विकत घेणाऱ्यासहि तीं मिळालीं नसतीं. विखुरलेलें एकत्र आणणें हें संग्राहकाचें पहिलें कर्तव्य येथें पार पडलें आहे.

आपणां मराठी वाचकांस हा प्रकार परका नाहीं. परशुरामपंत गोडबोले ह्यांनीं १८५४ सालीं 'नवनीत' प्रसिद्ध केलें, आणि शाळाशाळांतून किती पिढ्यांस मुक्तेश्वर, वामनपंडित व मोरोपंत प्रथम त्या पुस्तकानेंच भेटले! ज्यानें नवनीतांतले वेंचे वाचले त्यानें सारा मोरोपंत वाचला असें कोणी म्हणत नसे. पण ज्यानें पुढें सारा मोरोपंत वाचला, त्याचें बोट बहुधा नवनीतानेंच धरलें होतें.

आतां ह्या दोन संचांचा गुण पाहूं. गाणीं प्रायः कालक्रमानें लाविलीं आहेत, आणि शिकणाऱ्यास क्रमासारखा दुसरा गुरु नाहीं. तांबड्या संचाच्या आरंभीं गिटार, ढोल, तोंडानें वाजवावयाचें लहानसें हार्मोनिका आणि तरुण मुलांचें सरळ प्रेमगीत एवढेंच आहे. थोडें पुढें गेलें कीं १९६५ चें 'यस्टरडे' येतें. त्यांत एकटा मॅकार्टनी गातो आणि साथीस चार तंतुवाद्यांचा अभिजात मेळ आहे. संचाच्या शेवटाजवळ १९६६ चें 'एलिनॉर रिग्बी' आहे. विषय एकाकी वृद्धपणाचा, साथ आठ तंतुवाद्यांची, आणि चौघांपैकीं एकाचेंहि वाद्य त्यांत नाहीं. अवघ्या चार वर्षांत नाचावयाच्या गाण्यापासून हीं मुलें येथवर आलीं. त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन अभिजात पाश्चात्य संगीत शिकलेले होते. त्यांच्या हाताचा ह्यांत मोठा वांटा आहे.

दोन संचांमधला सांधाहि अर्थपूर्ण आहे. ऑगस्ट १९६६ नंतर बीटल्सनीं गांवोगांवचे जाहीर जलसे बंद केले. श्रोत्यांच्या आरडाओरड्यांत गाणें ऐकूंच जात नसे. जें रंगमंचावर वाजवावयाचें नाहीं, तें ध्वनिमुद्रणशाळेंत हवें तितके दिवस घडवितां येतें. म्हणून निळ्या संचाचें पहिलेंच गाणें, 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर', भिन्न लयीचीं व भिन्न पट्टीचीं दोन मुद्रणें जोडून केलेलें आहे. वेष्टनावरील चित्रें हीच गोष्ट न बोलतां सांगतात. अँगस मॅकबीन ह्या छायाचित्रकारानें १९६३ सालीं लंडनच्या ई.एम.आय. कंपनीच्या जिन्यावर ह्या चौघांचें छायाचित्र घेतलें होतें, आणि १९६९ सालीं त्याच जिन्यावर, त्याच कोनांतून पुन्हां घेतलें. पहिल्यांत गुळगुळीत चेहऱ्याचीं हंसरीं पोरें, दुसऱ्यांत वाढल्या केसांचे प्रौढ पुरुष. मधें सहाच वर्षें.

हा झाला ठळक तारा. पण जो मार्गदर्शक तेवढ्यावरच थांबतो तो अरुंधती दाखवीत नाहीं. म्हणून संग्रहांत काय गळलें, हेंहि वडिलांनीं जाणून असावें. १९७३ च्या तांबड्या संचांत हॅरिसनची स्वतःची एकहि रचना नाहीं. 'रिव्हॉल्व्हर' ह्या १९६६ च्या थोर तबकडींतलीं केवळ दोन गाणीं घेतलीं आहेत. आणि ज्या अमेरिकन कृष्णवर्णीय गायकांचीं गाणीं गात गात हे तयार झाले, त्यांचें एकहि गाणें त्यांत नाहीं. जणूं गुरुपरंपरेचें पानच फाडलें! २०२३ सालीं दोन्ही संच वाढवून पुन्हां काढले, तेव्हां तांबड्यांत १२ व निळ्यांत ९ गाण्यांची भर पडली. चक बेरी व स्मोकी रॉबिन्सन ह्यांच्या मूळ रचना, हॅरिसनचीं गाणीं आणि 'रिव्हॉल्व्हर'चा आणखी वांटा तेव्हां आंत आला. चांगला संग्राहक आपली चूक सुधारतो, तो असा.

ह्याच्या उलट, २००० सालीं निघालेला '१' नांवाचा संग्रह. इंग्लंड वा अमेरिकेंत विक्रींत पहिलीं आलेलीं २७ गाणीं, हा त्याचा एकच निकष. त्याच्या कोट्यवधि प्रती खपल्या. पण 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'सारखें गाणें त्यांत नाहीं. बाजारानें केलेली निवड आणि जाणत्यानें केलेली निवड ह्यांतला भेद मुलांस शिकवावयाचा असेल, तर हे संग्रह शेजारीं शेजारीं ठेवावे.

आपल्या घरच्या ओळखीचा धागाहि ह्याच संचांत सांपडतो. तांबड्यांतील 'नॉर्वेजियन वुड' ह्या १९६५ च्या गाण्यांत हॅरिसननें सतार वाजविली आहे, आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'मध्यें स्वरमंडळ. १९६६ च्या सप्टेंबरांत तो पं. रविशंकर ह्यांच्याजवळ सतार शिकण्यासाठीं मुंबईस आला. 'रिव्हॉल्व्हर'मधील 'लव्ह यू टू' ह्या त्याच्या गाण्यांत तबला आहे, आणि वेष्टनावर तबलावादकाचें नांव छापलें आहे: अनिल भागवत. हें आडनांव वाचून मराठी श्रोत्याचे कान टवकारल्यावांचून राहणार नाहींत. जानेवारी १९६८ मध्यें हॅरिसननें मुंबईच्या एच.एम.व्ही. मुद्रणशाळेंत भारतीय वादकांकडून 'द इनर लाइट' ह्या गाण्याची साथ मुद्रित केली. त्याचे शब्द चिनी 'ताओ ते चिंग' ग्रंथावर आधारलेले. आणि तो भाग सुचविणारे होते गीता व उपनिषदें इंग्रजींत नेणारे संस्कृतज्ञ हुआन मास्कारो. हें गाणें मात्र ह्या संचांत १९७३ सालींहि नव्हतें आणि २०२३ सालींहि नाहीं. अरुंधती ही अशी, ठळक ताऱ्याच्या शेजारीं राहते!

तेव्हां वाचकहो, एक सूचना. एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलांस तांबड्या संचांतलीं सहा गाणीं क्रमानें लावावयास सांगावें, आणि मधें न बोलतां ऐकावीं. आवडलें नाहीं तर तसें स्पष्ट सांगावें; पण सहावें संपल्यावर. दुसऱ्या रात्रीं मुलांनीं आपणांबरोबर तितकाच वेळ एखादा यमन ऐकावा, असा करार करावा. असें आठ दिवस चाललें, तर आजोबा रॉकचे भक्त होतील किंवा नातवंडें ख्याल गाऊं लागतील, असें वचन मी देत नाहीं. मात्र 'गोंगाट' आणि 'कंटाळवाणें' हे दोन शब्द घरांतून कमी होतील. आणि ज्यास एखादें गाणें विशेष आवडलें, तो आपण होऊन विचारील कीं ह्याच्या शेजारीं आणखी काय आहे?